पाटीवरचं 'इंटरनॅशनल' वाचून भुलू नका, बोर्ड विचारा

ॲडमिशनचे दिवस आले की नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत होर्डिंगवर ब्लेझर घातलेली पोरं झळकतात आणि मला फोन सुरू होतात. "सर, पोराला अमक्या इंटरनॅशनलला टाकू का?" दहावी-बारावीचं गणित शिकवतो, सगळ्या बोर्डांची मुलं क्लासला येतात, म्हणून विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

नावात इंटरनॅशनल असलं म्हणून अभ्यासक्रम बाहेरचा असतोच असं नाही. अशा नावाच्या कितीतरी शाळा सरळ सीबीएसईच्या आहेत. सीबीएसईला नावं ठेवत नाही, पण मग जादा पैसे कशाचे हे विचारायला लाजू नका. बाहेरची बोर्डं म्हणजे मुख्यतः दोन, केंब्रिज आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट). आयबीच्या बाबतीत 'कँडिडेट स्कूल' लिहिलेलं दिसलं तर समजा की मान्यता अजून मिळायची आहे. मान्यताप्राप्त शाळांची यादी आयबीच्याच वेबसाइटवर असते, पाच मिनिटांचं काम आहे.

खरा प्रश्न दहावीनंतरचा, आणि तो पहिलीच्या ॲडमिशनलाच विचारावा लागतो. पोरानं पुढं काय करायचं घरात चाललंय? बाहेरदेशी जायचं असेल आणि खर्च झेपत असेल तर आयबी डिप्लोमा, म्हणजे त्यांची अकरावी-बारावी, उत्तम. सहा विषय, ४००० शब्दांपर्यंतचा एक संशोधन निबंध, एकूण ४५ गुण. मुलं विचार करायला शिकतात, हे मी स्वतः पाहतो. पण डोळ्यांपुढे मेडिकलची 'नीट', इंजिनिअरिंगची जेईई किंवा राज्याची सीईटी असेल तर गणित बदलतं. डॉक्टर व्हायचं असेल तर डिप्लोमात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही एकत्र कसे देणार, हे शाळेकडून लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल" चालणार नाही.

माझ्याकडे केंब्रिजची एक मुलगी होती. ग्राफ दिला की पानभर कारणांसकट लिहायची, वाचताना मजा यायची. दहावीनंतर ज्युनियर कॉलेज आणि सोबत सीईटी. सीईटीचा गणिताचा पेपर म्हणजे ९० मिनिटांत ५० प्रश्न. पहिल्या सराव परीक्षेत अर्धा वेळ संपला तेव्हा बाई बाराव्या प्रश्नावर, तोही स्टेप्स मांडून सोडवत होत्या! येत नव्हतं असं अजिबात नाही. ती सवय मोडायला अकरावीचं बरंचसं वर्ष गेलं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी ओपन हाऊसमध्ये कोणी सांगत नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसईची, म्हणजे त्यांच्या दहावीची, भारतात मार्चमध्येही परीक्षा होते, तिचा निकाल मेमध्ये लागतो. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल थेट ऑगस्टमध्ये. अकरावीचे ऑनलाइन राउंड तोवर थांबत नाहीत. तुमची शाळा मुलांना कधी बसवते, ते आधी विचारा.

फीबद्दल. आकडा विचारताना बस, टॅब, सहली आणि विषयागणिक लागणारी परीक्षा फी धरून विचारा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्या पालकांनी हप्त्यांच्या तारखा आधी बघाव्यात. पैसा हाती येतो माल निघाल्यावर, शाळा मागते जूनमध्ये. आणि २०११ च्या कायद्यानं फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. त्या समितीवर कोण आहे, हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज बोंब!

मराठीचं काय? २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांना मराठी सक्तीची आहे. पाचवी-सहावीच्या एखाद्या मुलाची मराठीची वही बघायला मागा. आजीनं पाठवलेला मेसेज पोराला वाचता येईल की नाही, ते त्या वहीवरून कळतं.

स्विमिंग पूल, घोडेस्वारी वगैरे बघाच, पोरांना आवडतं. पण गेल्या तीन वर्षांत दहावीच्या गणित-सायन्सचे शिक्षक किती बदलले, हे जरूर विचारा. आणि बसचा रूट सकाळी सातला स्वतः गाडी काढून बघा, दुपारी नाही. सिंहस्थाच्या कामांनी द्वारका चौकात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता शाळेचं नाव घेऊन "ही कशी?" असं मला विचारू नका, सांगणार नाही. मूल कितवीत आहे, बोर्ड कोणतं आणि दहावीनंतर काय करायचंय ते सांगा, मग बोलू.