मिडवेची 'ती पाच मिनिटं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ४ जून १९४२ ला पॅसिफिकमधल्या मिडवे बेटांपाशी अमेरिकेने जपानला हरवलं त्या लढाईत जपानी विमानं डेकवर उड्डाणाला सज्ज उभी होती, अमेरिकी डाइव्ह बॉम्बर (वरून सूर मारत बॉम्ब टाकणारी विमानं) पाच मिनिटं उशिरा आले असते तर निकाल उलटा लागला असता, आणि एका बॉम्बने संपणाऱ्या विमानवाहू जहाजांचं एवढं कौतुक कशाला?

पाच मिनिटांची गोष्ट फुचिदा या जपानी नौदलाच्या वैमानिक अधिकाऱ्याने युद्धानंतर सांगितली आणि जगभर पसरली. पण विमानवाहू नौकेवरच्या कामाचा क्रम पाहिला की ती टिकत नाही. जपानी नौकांवर टॉर्पेडो विमानं खाली हँगरमध्येच, म्हणजे डेकखालच्या विमानांच्या दालनात, सज्ज होत. मग एकेक विमान लिफ्टने वर आणायचं, डेकच्या मागच्या भागात ओळीने लावायचं, इंजिनं तापवायची. या सगळ्याला साधारण पाऊण तास लागे, आणि डेकवर अशी रांग लागली की तिथे दुसरं विमान उतरू शकत नसे.

हा सलग पाऊण तास जपानी ताफ्याचे प्रमुख नागुमो यांना मिळालाच नाही. ताफ्यावर पहारा देणाऱ्या झीरो या जपानी लढाऊ विमानाच्या प्रत्येक तोफेत ६० गोळे असत. सलग मारा केला तर सातेक सेकंदांत संपणारे. सव्वानऊनंतर अमेरिकी टॉर्पेडो विमानं तुकड्यातुकड्यांनी येत राहिली, त्यामुळे झीरोंना पुन्हा पुन्हा उतरवून, दारूगोळा भरून वर पाठवावं लागलं. हॉर्नेट या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या १५ टॉर्पेडो विमानांपैकी एकही परतलं नाही आणि त्यांचा एकही टॉर्पेडो लागला नाही. तरी त्यांचं बलिदान वाया गेलं असं मला कधीच वाटलेलं नाही. जपानी डेक मोकळे राहू न देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास डाइव्ह बॉम्बर आले, तेव्हा हल्ल्याची बहुतेक विमानं खाली हँगरमध्येच होती.

आता 'एका बॉम्बने' या मुद्द्याकडे. आकागी या जपानी विमानवाहू नौकेवर खरोखर एकच बॉम्ब थेट पडला, साधारण ४५० किलोचा. तो डेक फोडून वरच्या हँगरमध्ये फुटला. तिथे पेट्रोल भरलेली, टॉर्पेडो लावलेली विमानं होती आणि सकाळी बेटाऐवजी जहाजांवर हल्ला करायचा असा हुकूम बदलला तेव्हा उतरवलेले बॉम्ब कोठारात परत गेलेले नव्हते. हँगर चारी बाजूंनी बंद, त्यामुळे पेट्रोलची वाफ आणि स्फोटाचा दाब बाहेर जायला वाट नव्हती. अमेरिकी नौकांचे हँगर बाजूंनी उघडता येत, शिवाय इंजिनं सहसा वर डेकवरच तापवत.

याच दिवशी यॉर्कटाउन या अमेरिकी विमानवाहू नौकेवर तीन बॉम्ब पडले. महिनाभरापूर्वी कोरल समुद्राच्या लढाईत लेक्सिंग्टन ही दुसरी अमेरिकी विमानवाहू नौका बुडाली ती टॉर्पेडोच्या भोकांमुळे नव्हे, पेट्रोलच्या टाक्या हादरून पसरलेली वाफ पेटल्यामुळे. त्यातून शिकून यॉर्कटाउनवर हल्ल्याआधी पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरला होता. बॉयलर बंद पडलेली ती नौका दोन तासांच्या आत पुन्हा चालू लागली. दुपारी हिर्यू या जपानी विमानवाहू नौकेचे वैमानिक आले तेव्हा त्यांना ही दुसरीच, धड नौका वाटली! मला कौतुक आहे ते या नळ्या रिकाम्या करणाऱ्या माणसांचं, आणि ते मी पुन्हा करेन.

उलट उदाहरण तायहो या जपानी विमानवाहू नौकेचं. १९ जून १९४४ ला आल्बाकोर या अमेरिकी पाणबुडीचा एकच टॉर्पेडो लागला. डेक चिलखती, नौका नवी कोरी. पण पेट्रोलची वाफ घालवायला हवा खेळती केली आणि तीच वाफ जहाजभर पसरली. सहा-साडेसहा तासांनी स्फोट झाला.

मिडवेत नशीब नव्हतंच असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकी डाइव्ह बॉम्बरांच्या मक्लस्की या नायकाची तुकडी ठरल्या जागी पोचली तर समुद्र रिकामा. इंधन संपत असताना त्याला एकटी, वेगाने ईशान्येकडे निघालेली आराशी ही जपानी विनाशिका दिसली. नॉटिलस या अमेरिकी पाणबुडीला दाबून ठेवायला ती मागे राहिली होती. तिच्या दिशेने जायचं त्याने ठरवलं आणि नागुमोंचा ताफा सापडला. तुमच्या युक्तिवादात पाच मिनिटांऐवजी आराशी घातलीत तर मी तुमच्याशी सहमत आहे.