बॅकअप लाइन घ्या आणि निर्धास्त राहा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा आहे, वीसेक माणसं कामाला आहेत आणि अजून दुसरं इंटरनेट नाही? शोभत नाही हो. आजच घ्या. फक्त ते ऐन वेळी उपयोगी पडणार नाही, एवढी खबरदारी घ्या.

सुरुवात खांबापासून. पहिली लाइन ज्या खांबावरून येते, त्याच खांबावरून दुसरी घ्या. कंपनी वेगळी, बिल वेगळं, वायर मात्र त्याच गच्चीवरून, त्याच गटाराच्या कडेने. जोडणारा पोरगाही बहुधा तोच असतो. तो एका फेरीत दोन्ही जोडून देईल आणि जेसीबी एका दणक्यात दोन्ही तोडून देईल. ठाण्यात जेसीबीची वाट बघावी लागत नाही. पाण्याची लाइन झाली की गॅसची, गॅसची झाली की आणखी कसली तरी, आणि घोडबंदर रोडला मेट्रो ४ आहेच. केबल कुठल्या रस्त्याने येते, हे चुकूनही विचारू नका.

कुणी तरी सुचवेल, दुसरी लाइन सिमकार्डवरची घ्या, फोरजी-फाइव्हजीचा राउटर ठेवा, तुमच्या दारापर्यंत येणारी वायरच नको. असल्या माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा. राउटर घेतलाच असेल तर कपाटात ठेवा आणि रिचार्जची तारीख कुणालाही सांगू नका.

दोन्ही लाइन एकत्र करणारा ड्युअल वॅन राउटर मात्र जरूर घ्या, पाहुण्यांना दाखवायला बरा असतो. दोन्ही मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर तसाच राहू द्या, राउटर गोंधळला तर गोंधळू दे. आणि लाइन चालू आहे की नाही, हे तपासायला त्याला बाहेरचा, गूगलचा ८.८.८.८ वगैरे पत्ता देऊ नका. शेजारच्या मोडेमलाच विचारत राहा म्हणावं. केबल तीन हात नाक्यावर तुटलेली असो, मोडेम टेबलावर ठणठणीत असतो. ‘आहेस का?’ ‘आहे.’ ‘आहेस का?’ ‘आहे.’ हा संवाद दिवसभर चालतो, ऑफिस ठप्प असतं आणि दुसरी लाइन बाजूला रिकामी बसलेली असते. एवढं शिस्तबद्ध काम माणसांकडूनही होत नाही.

यूपीएस सगळ्या कॉम्प्युटरना लावा, मोडेमला नको. तेवढाच यूपीएसवरचा भार कमी!

ज्या क्लायंटने त्याचा सर्व्हर फक्त तुमच्या पहिल्या लाइनच्या स्टॅटिक आयपीला, म्हणजे कधी न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याला, उघडून दिलाय, त्याला दुसऱ्या आयपीबद्दल कळवू नका. उगाच मेल कशाला?

आणि एखाद्या शनिवारी दुपारी, काम नसताना, पहिल्या लाइनची वायर काढून दुसरी चालते का हे बघायचा मोह होईल. आवरा. चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये.

मग २० तारीख येईल. संध्याकाळी साडेसहाला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरताना चक्र फिरत राहील, कर उशिरा भरला की वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं हे कुणीतरी मोठ्याने म्हणेल आणि अकाउंटंट मॅडम मुकाट्याने स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतील. रिटर्न जाईल. डेटाचे पैसे त्यांनी मागितले तर बॅकअप लाइनचं बिल पुढे करा आणि सांगा, आपण आधीच दोन-दोन कनेक्शनचे भरतोय, आता तिसऱ्याचे कुठून आणायचे?