पुस्तक न उघडता ठाम मत कसं द्यावं

कादंबरीच्या वाटेला जाऊ नका. शेवटी काय होतं, असं कुणी विचारलं की पंचाईत. चरित्र, इतिहास, वैचारिक लेखन यांत ती भीती नसते. आत्मचरित्रात तर शेवटच्या पानापर्यंत लेखक हयात असतो, हे न वाचताही छातीठोकपणे सांगता येतं. ('स्मृतिचित्रे'च्या बाबतीत मात्र सांगू नका. लक्ष्मीबाई टिळक 1936 साली गेल्या आणि अपुरा राहिलेला शेवटचा भाग त्यांच्या मुलाने, देवदत्त यांनी पुरा केला.)

तयारीला पंधरा मिनिटं पुरतात. आधी मलपृष्ठ, मग अनुक्रमणिका, मग प्रस्तावना. प्रस्तावना अख्खी वाचू नका, त्यापेक्षा पुस्तक वाचणं सोपं. प्रस्तावनाकाराने जे गुण गायले असतील ते शब्द बदलून आपले म्हणून सांगायचे. खरा माल असतो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथे 'अमुक मुद्दा अधिक विस्ताराने यायला हवा होता' अशी एक सभ्य कुरकुर हमखास सापडते. ती उचला. स्तुती कोणीही करतं. त्रुटी दाखवली की तुम्ही जाणकार.

सूचीवरूनही झोडपता येतं. 'इतक्या महत्त्वाच्या ग्रंथाला सूची नसावी?' हे वाक्य भारदस्त आहे. फक्त आधी मागची पानं चाळून सूची खरंच नाही ना, ते बघा. असली तर व्यक्तिनामांची आहे, स्थलनामांची नाही, याबद्दल हळहळा.

शीर्षकावर मात्र विसंबू नका. लोकहितवादींच्या 'शतपत्रां'तली 'ती शंभर पत्रं' म्हणालात की गेलात. ती 108 आहेत. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हे निसर्गरम्य प्रवासवर्णन नव्हे. वरसईचे हे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, सत्तावनच्या बंडात अडकले आणि झाशी पडली तेव्हा गावातच होते. शिवाय चिं. वि. वैद्यांनी 1907 साली छापलेली प्रत त्यांनी हात फिरवलेली, मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी 1966 साली काढलेली वेगळी. 'तुम्ही यातली कोणती वाचलीत?' असं विचारणारा माणूस भेटला तर चहा सांगायला उठा.

विशेषणं ठरलेली आहेत. चरित्र प्रेरणादायी, इतिहास अभ्यासपूर्ण, निबंध अंतर्मुख करणारे. दलित आत्मकथनांना 'अंगावर येतं' म्हणायचं. याचा फायदा असा, की एकदा ते अंगावर आलं की पुढे काही करावं लागत नाही. दया पवारांचं 'बलुतं' 1978 पासून लोकांच्या अंगावर येतंय, आणि कुणाला साधं खरचटल्याचंही ऐकिवात नाही. त्यातल्या दगडूचं नेमकं काय झालं, हे बोलायला लागलात तर वातावरण बिघडतं.

ऑनलाइन तारे देताना आशयात शिरू नका. कुरिअरमध्ये कोपरा दुमडला, एक तारा. पार्सल वेळेत आलं, पाच तारे.

सगळ्यात घातक शब्द 'ओघवतं'. पुस्तक फॉर्मांनी, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडग्यांनी, शिवतात, एक फॉर्म सहसा सोळा पानांचा, आणि बाइंडिंगमध्ये कधी एखादा फॉर्म दोनदा लागतो नि पुढचा राहून जातो. म्हणजे 65 ते 80 ही पानं दोन वेळा, आणि 80 नंतर एकदम 97. तुम्ही जाहीरपणे 'एका बैठकीत संपवलं, काय ओघ आहे!' म्हणता, आणि तुमचीच प्रत बघायला नेलेला शेजारी ऐंशी पानांनंतर परत पासष्टावर येऊन पोचतो. अशी सदोष प्रत दुकानात बदलून मिळते. पण पावतीवर तारीख दोन वर्षांपूर्वीची असते, आणि काउंटरवरचा माणूस निरागसपणे विचारतो, 'कधी लक्षात आलं?'