ब्रेक दाबल्यावर बंद पडणारी गाडी : बूस्टर की थ्रॉटल बॉडी?

नमस्कार दादा,

ब्रेक दाबल्यावर गाडी बंद पडते त्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारा, ब्रेक हलका करणारा डबा) बदललात, तरी सोलापूरच्या सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी बंद पडतेच. 'थ्रॉटल बॉडी साफ केली की काम होतं, लोकांना उगाच खर्चात पाडू नका' असं तुम्ही लिहिलंय. (थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप.) तुमचा राग रास्त आहे. बूस्टर तपासायचा कसा, आणि तो चांगला निघाला तर पुढे काय, हे लेखात नीट आलं नव्हतं. पण सरसकट सफाईचा सल्लाही मला पटत नाही. न तपासता केलेली सफाई हाही अंदाजच.

आधी ठरवायचं ते एवढंच : गाडी पॅडल दाबल्यामुळे बंद पडते, की वेग उतरल्यामुळे? रस्त्यावर दोन्ही एकदमच घडतं, म्हणून फसगत होते.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. सपाट जागी हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, एसी बंद ठेवा. बहुतेक पेट्रोल गाड्यांचा आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) अशा वेळी ७०० ते ८५० च्या आसपास असतो. आता ब्रेक दाबून धरा. आरपीएम जरासा हलून जागेवर आला तर ठीक. पण पाय ठेवलेला असेपर्यंत फुसफुस चालूच राहिली आणि इंजिन थरथरायला लागलं, तर बूस्टरचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता आहे. खात्रीसाठी पॅडल दाबून धरूनच इंजिन बंद करा आणि ३० सेकंद थांबा. पॅडल पायाला वर ढकलायला लागलं तर व्हॅक्यूम गळतोय.

तरीही लगेच बूस्टर बदलू नका. मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याकडून) बूस्टरला येणारी जाड रबरी नळी क्लिपपाशी चिमटीत धरून वाकवा. सोलापूरच्या उन्हात, वर इंजिनच्या धगीत हे रबर कडक होतं. सरळ असताना नळी धडधाकट दिसते, वाकवली की बारीक भेगा उघडतात. नळी बदलणं बूस्टरच्या मानाने फारच स्वस्तात होतं.

लेखात राहिलेला मोठा मुद्दा हा : आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळती झाली की दाब वाढतो, ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवतो, आणि इंजिन बंद पडण्याऐवजी बहुधा आरपीएम चढतो किंवा वरखाली होतो. अशी गाडी सिग्नलला गुपचूप बंद पडत असेल, तर आधी संशय थ्रॉटल बॉडीवरच घ्यायला हवा. इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

तो संशय उभ्या गाडीतच तपासता येतो. रेस ३,००० पर्यंत न्या आणि पाय एकदम काढा. आरपीएम ५०० च्या खाली कोसळून इंजिन गचके खात असेल किंवा बंद पडत असेल, तर झडपेच्या कडेला काजळी साचलेली असण्याची शक्यता मोठी. पाय काढल्यावर इंजिनला हवा मिळते ती त्या कडेच्या फटीतूनच. क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप चावी चालू असताना बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात. सफाईनंतर स्कॅनरने आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो आरपीएम) ईसीयूला पुन्हा शिकवून घ्या. हे राहिलं की आरपीएम चढाच राहतो आणि 'साफ करून बिघडली' अशी तक्रार येते.

दोन्ही चाचण्यांत दोष दिसला नाही तर हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावा. ब्रेकला पाय न लावताही गाडी मान टाकत असेल तर बॅटरीचं अर्थिंग बघा. सीएनजी असेल तर याच चाचण्या पेट्रोलवर करा. फक्त गॅसवरच बंद पडत असेल तर गॅस फिल्टर आणि रेग्युलेटर तपासा. डिझेलला बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, त्यामुळे तिथे बूस्टरच्या गळतीने इंजिन बंद पडत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत एक सांभाळा. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर ब्रेक पंप करू नका. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळच्या दाबण्यापुरताच असतो. एकदाच घट्ट दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल, पण चावी काढू नका.

गाडीचं मॉडेल, वर्ष आणि रेस सोडल्यावर आरपीएम कितीपर्यंत उतरतो तो आकडा इथेच लिहा. पुढचं त्यावरून बघू.