अहो मिस्त्री, तेवढी फट!

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी दाराखालची वाकळ उचलली. रोजच्यासारखीच. डोळे अर्धे मिटलेले, बाहेर दूधवाल्याचा हॉर्न, उजव्या हातात पातेलं. डाव्या हातानं वाकळीचं टोक धरलं आणि ओढलं. आज्जीच्या जुन्या नऊवारीचा जो निळा तुकडा त्या वाकळीला शिवलाय ना, बरोब्बर त्याच्यावर बाईसाहेब बसलेल्या. गुळाच्या रंगाच्या. शेपूट कडेला वळवून, निवांत. आणि पाठीवर पिल्लं. साबुदाण्यासारखी पांढरी, एकावर एक चढलेली.

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीचा वाक्यात उपयोग करून मी शाळेत दोन मार्क मिळवले होते. ते आज व्याजासकट वसूल झाले.

बरं, ही वाकळ तिथं कशाला होती? विंचू घरात येऊ नये म्हणून! म्हणजे गेले अकरा दिवस रोज रात्री साडेदहाला मी विंचवासाठी मऊ, उबदार, घड्याघड्यांचं अंथरूण घालत होतो आणि सकाळी तेच हातानं उचलत होतो. दहा दिवस काही झालं नाही ही माझी हुशारी नव्हे, त्यांची मेहेरबानी.

मी ओरडलो. किती ते विचारू नका. पातेलं अंगणात गेलं, दूधवाला गाडी चालू ठेवूनच दोन पावलं मागं सरला. आई आतून आली, पायतान हातात घेतलं आणि म्हणाली, "आरं किती बोंबलतोयस, इंचू हाय का वाघ?" आणि एक रट्टा दिला. इथं चूक झाली. म्हणजे रट्टा नेमका बसला, आईचा नेम कधी चुकत नाही, पण पाठीवरचं बिऱ्हाड उधळलं ना! साबुदाणा सांडावा तशी पिल्लं फरशीवर पसरली. आमच्या घरची फरशी कोणती? पांढरी, करड्या ठिपक्यांची. माझीच पसंती. दुकानात म्हणालो होतो, घाण दिसत नाही, बरं पडतं. घाण दिसत नाही आणि पिल्लूही दिसत नाही.

तेवीस सापडली. केरसुणी, सुपली, सेलोटेप, सगळं वापरून तेवीस. एकूण किती होती हे त्या माउलीलाच ठाऊक, आणि ती आता पायतानाला चिकटलेली. बायको मोबाईलवर बघून सांगत होती की पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं आईच्या पाठीवरच असतात, तिच्याशिवाय फारशी तगत नाहीत. बरं. शास्त्र आहे, मान्य. पण हे वाचताना ती स्वतः स्टुलावर उभी होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. फट. आमच्या पुढच्या दाराखाली बोटभर फट आहे. दोन रुपयाचं नाणं आडवं नव्हे, उभं जातं. विंचवाला आत यायला चार-पाच मिलिमीटरसुद्धा रग्गड झाली, तो अंग चपटं करून सरकतो. आमच्याकडं तर तो शेपूट वर करून, मिरवणुकीनं येऊ शकतो. ही फट पडली कशी? गेल्या पावसाळ्यात दार फुगलं, घासायला लागलं. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी रंधा मारला. मी म्हणालो, बास. ते म्हणाले, "अजून जरा घेऊ, पुढच्या पावसाळ्यात परत नको." घेतलं अजून जरा. मग उन्हाळा आला, दार सुकलं, आक्रसलं, आणि आता दाराखालून शेजारच्यांचं मांजर आत डोकावून बघतं, काय शिजलंय ते.

रबराची पट्टी लावायची आहे. दाराच्या खालच्या कडेला, तीन फुटांची, पाच स्क्रू. चंद्रावर यान उतरवायचं नाही. पट्टी मी स्वतः आणून ठेवलीय. मिस्त्री अकरा दिवस "आलोच की साहेब" म्हणतायत. एकदा तर म्हणाले, "तुमच्या दारातच हाय." मी दार उघडून बघितलं. रस्त्यावर कुत्रं झोपलेलं.

स्वतः का लावत नाही, असं विचारणारे निघतीलच. लावायला गेलो होतो. ड्रिल मशीन मेहुण्याचं, मेहुणा विट्याला. शिवाय मागच्या वेळी मी घरात स्क्रू मारला होता त्याला आजही टॉवेल टांगता येत नाही. पुढं चला.

आणि उंबरा! उंबऱ्यावर मला बोलू द्या. घर बांधताना आई रोज सांगत होती, उंबरा घाला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, आता उंबऱ्याची फॅशन गेली काकू, फरशी एकसारखी आली की घर मोठं दिसतं, मॉप सरळ फिरतो. मी शिकलेला माणूस, मी कॉन्ट्रॅक्टरची बाजू घेतली. आई एवढंच म्हणाली, "उंबरा न्हाई त्ये घर हाय व्हय? धर्मशाळा हाय." आता मॉप सरळ फिरतो. विंचूही सरळच येतो.

येतो कुठून, तर शेजारच्या प्लॉटमधून. मालक गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, सगळं कुटुंब केरळात. तीन वर्षांपूर्वी येऊन पायासाठी दोन ट्रेलर डबर आणि एक ट्रेलर वाळू टाकून गेले. सोबत जुन्या घराची कौलं, मोडक्या खिडक्या, शेणींची थप्पी. विंचवानं स्वतः आर्किटेक्ट लावला असता तरी इतकी सोय झाली नसती. दिवसा दगडाखाली गारवा, रात्री भिंतीलगत झुरळं आणि रातकिडे, आणि जेवण झालं की वीस फुटांवर बोटभर फटीचं घर. दरवर्षी फोन करतो. "दिवाळीला येतोय की, बांधकाम काढायचंच हाय." तीन दिवाळ्या गेल्या. बांधकाम विंचवांनी काढलं.

सांगली जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना कृष्णेचा घाट, हळद आणि ऊस आठवतो. सांगलीतला आमचा साडू तर आमची आटपाडी म्हणजे राजस्थानच समजतो. 2019 च्या पुरात तो आमच्याकडं आठ दिवस राहायला होता, तेव्हा रोज सकाळी बूट आपटून घालत होता आणि वर आम्हाला ऐकवत होता, "कसं राहता रे इथं!" अरे बाबा, तुझ्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आहे! टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या, पण माळ तो माळच. मुरूम, खडक आणि ऊन. आणि वळवाचा एक सडा पडला की बिळातलं सगळं वर. यंदा वळीव लवकर झाला. तेव्हापासून हा नववा.

उपाय सांगणारे वेगळेच. ज्याला आयुष्यात एकदा झुरळ चावलं नाही तोही येऊन विंचवावर बोलतो. डांबरगोळ्या ठेवा. ठेवल्या, पोरानं पांढरी गोळी म्हणून तोंडात घालायला घेतली. मिठाची रेघ ओढा. ओढली, बायकोनं पुसली. लवंगा ठेवा, कापूर लावा, कांद्याचा रस शिंपडा. घराचा मसालेभात झाला, विंचू तसाच. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. अडीच हजार घेतले, पाठीवर टाकी, तोंडाला मास्क, एकदम लढाईवर निघाल्यासारखा. जाताना दारात म्हणतो, "गॅरंटी झुरळाची. विंचवाची नाही देत आम्ही." हे आधी सांगायचं असतं ना! त्याचंही खरं आहे म्हणा. फवाऱ्यानं विंचू सहज मरत नाही, आणि महिनोन् महिने उपाशी राहिला तरी त्याला फरक पडत नाही. उपाशी राहून चिडतो तो मी.

एकच सल्ला मला पटला: गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावर विंचवाला चढता येत नाही. भिंतीचा खरबरीत गिलावा तो चढतो, काच चढत नाही. म्हणून मी पलंग भिंतीपासून वीतभर सरकवला आणि चार पाय चार स्टीलच्या पातेल्यांत ठेवले. पूर्वी मुंग्यांसाठी करायचे तसं. बायको दोन दिवस बोलली नाही, कारण त्यातलं एक दुधाचं होतं. आई आत आली, बघितलं आणि म्हणाली, "पाव्हणं आल्यावर काय सांगायचं, पलंग जेवायला बसलाय म्हनून?"

हसण्यावारी नेतोय, पण लाल विंचू हा हसण्याचा विषय नाही, आणि मला खरा राग आहे तो इथं. काळा मोठा, जाड नांग्यांचा विंचू दिसतो भयंकर, पण त्याच्यापेक्षा हा लाल बारीक वाईट. घाम, ओकाऱ्या, हातपाय गार, विष हृदयावर जातं, फुफ्फुसात पाणी होतं. लहान पोरांना जास्त धोका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर आयुष्य घातलं, प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, 2022 साली पद्मश्री मिळाली. आणि आमच्या गल्लीत मागच्या महिन्यात एका पोराला चावला तर पहिला अर्धा तास काय चाललंय? चिंचोका दगडावर घासून चिकटवतायत! दुसरा म्हणतोय उतरवणाऱ्याला बोलवा. तिसरा म्हणतोय कांदा चोळा. पोरगं घामानं निथळतंय. शेवटी मी ओरडलो, गाडी काढली, दवाखान्यात नेलं. पोरगं सुखरूप आहे. आणि गल्लीत आज श्रेय कुणाला? चिंचोक्याला.

मग मी टॉर्च मागवला. विंचू अतिनील उजेडात हिरवट-निळा चमकतो, हे पोराच्या पुस्तकात होतं. सहाशे रुपयांचा टॉर्च. ज्या रात्री आला त्याच रात्री साडेअकराला मी शेजारच्या डबरावर. अंगात बनियन, खाली हाफ चड्डी, पायात पोराच्या क्रिकेटचे पॅड, कारण गुडघ्यापर्यंत येणारं घरात तेवढंच होतं. टॉर्च लावला आणि, खोटं नाही सांगत, दगडादगडावर लग्नाच्या मांडवातली माळ पेटावी तसे ठिपके. मी मोजायला लागलो. भीती बाजूलाच राहिली, मजा यायला लागली. सतरापर्यंत आलो, तेवढ्यात कुत्री भुंकली, समोरच्या मावशींच्या घरचा दिवा लागला.

"कोण हाय रं तिकडं?"

"मी हाय मावशी."

"काय करतुयास इतक्या रातचं?"

"विंचू मोजतोय."

मावशी काही बोलल्या नाहीत. दिवा बंद झाला. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत काउंटरवर पहिल्याच खातेदारानं स्लिप पुढं सरकवत विचारलं, "किती भरले?" मला वाटलं भरणा विचारतोय. तीन हजार, म्हणालो. पार खरसुंडीपर्यंत गेलीय ती बातमी.

आणि तो सहाशेचा टॉर्च आज सकाळी, खरी गरज होती तेव्हा, काही कामाचा नाही. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचं कातडं कडक झालेलं नसतं, ती त्या उजेडात तशी चमकत नाहीत. पांढऱ्या, करड्या ठिपक्यांच्या फरशीवर पांढरी पिल्लं, आणि मी दिवसाढवळ्या खिडक्यांना चादरी लावून, अंधार करून, गुडघ्यावर रांगतोय. पोरगं मागून कॉमेंट्री करतंय. साडेदहाला कामावर पोचायचं होतं, पोचलो पावणेबाराला. कारणाच्या रकान्यात काय लिहू? 'वैयक्तिक' लिहिलं.

संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला. स्वतःहून! मला वाटलं उजाडलं. म्हणाले, "साहेब, ते समोरच्या मावशी म्हणत होत्या तुमच्याकडं विंचवाचा टॉर्च हाय. दोन दिवस देता का, आमच्या वर्कशॉपात लाकडात लई झालेत." म्हणालो, देतो, पट्टी लावायला येताना घेऊन जा. म्हणाले, "उद्या आलोच."

आत्ता रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. पलंग पातेल्यांत उभा आहे. पट्टी कोपऱ्यात उभी आहे. दाराला परत तीच वाकळ लावलीय, कारण दुसरं काय लावणार? आईनं आधी ती तीनदा झटकली, मी पाचदा. फक्त सकाळी ती उचलायची कुणी, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.