कस्तुरबा कुणाच्या सहायक?

रविवारी आत्याचा फोन येतो. माझी लंडनमधली सकाळ, तिची कोल्हापुरातली दुपार. तांबडा-पांढरा उरकून निवांत बसलेली असते. परवा विषय निघाला सुलोचनादीदींचा. हिंदीत इतक्या आया साकारल्या, पण सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर एकदाही नाही, यावरून घरात वाद पेटला होता. आत्याचा निकाल तयार: "तिकडं कदर हाय बाबा. रोहिणीताईंना तुमच्या गोऱ्यांनीच बाफ्टा दिलं न्हवं?"

दिलं, ब्रिटनचं हे चित्रपट-बक्षीस, १९८३ साली, अमेरिकी अभिनेत्री मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून. पण 'गांधी'त त्यांनी साकारलेल्या कस्तुरबांना गोऱ्यांनीही सहायकांतच बसवलं. आणि आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत १९८४च्या चित्रपटांपासून हा विभाग सुरू झाला, तेव्हा पहिला मान रोहिणी हट्टंगडींनाच मिळाला, 'पार्टी'साठी.

अमेरिकेची कदर तर विचारूच नका. ऑस्करमध्ये हा पुरस्कार १९३७ साली आला आणि कित्येक वर्षं सहायकांच्या हातात पुतळ्याऐवजी नुसती पाटी ठेवली जायची. १९४० साली ती पाटी घेणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल कृष्णवर्णीय होत्या, म्हणून सोहळ्यात त्यांचं टेबल सहकलाकारांपासून दूर मांडलं होतं. पंगतीबाहेर पान वाढणं म्हणजे काय, हे शाहू महाराजांच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

भावाचा मुद्दा वेगळा: मराठी म्हणून डावललं. तोही टिकत नाही. फिल्मफेअरच्या या यादीत १९५५ साली पहिलंच नाव उषा किरण यांचं, 'बादबान'साठी. पुढे नलिनी जयवंत, ललिता पवार, शशिकला, आपल्या मास्टर विनायकांची नंदा. आईच्या भूमिकांना भाव नव्हता म्हणावं, तर निरूपा रॉयना तीनदा मिळालंय. वैजयंतीमालांनी मात्र 'देवदास'साठी मिळालेलं हे बक्षीस नाकारलं. आपली चंद्रमुखी पारोइतकीच मुख्य, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

दीदींना २००४ साली फिल्मफेअरचा जीवनगौरव मिळाला, हे मी आत्याला सांगून पाहिलं. "पंगत उठल्यावर वाढलेली खीर ती," ती म्हणाली. इथं मी गप्प बसलो.

कारण मला दिसतं ते असं: दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली कोल्हापुरात घडलेल्या दीदी मराठीत नायिका होत्या. 'वहिनींच्या बांगड्या'मधली वहिनी त्याच. सहायक झाल्या त्या मुंबईच्या हिंदीत रुळल्यावर. मीही उद्यमनगरातल्या कारखान्यात 'साहेब' होतो. इथं पहिली सहा वर्षं माझ्या बिल्ल्यावर 'असिस्टंट' लिहिलं होतं. आत्याला ते अजून सांगितलेलं नाही. तिच्या शेजारणींना मी अजूनही लंडनचा साहेबच आहे.