‘तो अमुक आहे ना, म्हणून’

सोलापुरात समाजावरून माणूस ओळखणं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही खटकण्यासारखं असेल हेच अनेकांना पटत नाही. पूर्व भागातले पद्मशाली (तेलुगू विणकर समाज), कोपऱ्यावरचे मारवाडी, शेजारच्या कानडी वहिनी. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच रिक्षात ऐकू येणाऱ्या गावात हे होणारच, आणि त्याला माझी हरकत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा पद्मशाली समाज आपलं नाव अभिमानाने मिरवतो. स्वातंत्र्यलढ्यातल्या इथल्या चार हुतात्म्यांवर बोलताना वक्ते चौघांचे जात-धर्म आवर्जून सांगतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला चौघेही एकत्र फासावर गेले. तिथे ओळख सांगितल्याने कुणाचा मान कमी होत नाही.

मला राग येतो तो ‘म्हणून’चा. उधारी बुडवली? तो अमुक आहे ना, म्हणून. आवाज चढवला? त्यांच्यात असंच असतं. आपल्या जातीतल्या माणसाने तेच केलं की मात्र तो ‘स्वभावाने तसा’ असतो. आणि कौतुकातही हे घुसतं. ज्याचे पणजोबा इथल्या गिरणीत राबले, त्याला आपण म्हणतो, ‘तेलुगू असून मराठी किती छान बोलतोस रे!’ चार पिढ्या झाल्या, अजून पाहुणाच का तो?

सगळी नावं एकाच पारड्यात घालता येत नाहीत, हेही कळायला हवं. मारवाडी म्हणणं आणि भांडणात कुणाला पारधी, कैकाडी म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि आपल्या सोलापुरात काटेरी तारेच्या आत सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबायची वसाहत, उभी राहिली. आतल्यांना हजेरी, बाहेर पडायला परवानगी. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा रद्द झाला. पण कुठे चोरी झाली की आजही पहिलं बोट त्याच वस्तीकडे जातं. ज्या नावासाठी बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कोंडलं, ते नाव ‘घाणेरडा’ या अर्थाने पोरांवर फेकायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

‘आम्ही गमतीत म्हणतो, त्यालाही राग येत नाही’ हे मी शंभरदा ऐकलंय. अहो, म्हणणारा कारखान्याचा मालक, ऐकणारा मागावरचा कामगार. शनिवारी पगार त्याच हातून घ्यायचा असतो. तो हसणार नाही तर काय करेल?

राज्य सरकारने २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलं केलं. पाट्या बदलतील, पण पाटीखाली उभं राहून जुनंच नाव घेत पत्ता सांगणारे आपणच आहोत.

ज्याला स्वतःची ओळख सांगायचीय त्याने खुशाल सांगावी, आपण ती आदराने घ्यावी. त्याने सांगितली नसेल तर नाव आहे, काका-मावशी आहे, अण्णा-अक्का आहे. सोलापूरला हाकांची कधी कमतरता नव्हती.

माझ्या मित्रयादीत खोल्या भाड्याने देणारे बरेच जण आहेत. त्यांना थेट विचारतो: भाडं आणि डिपॉझिट ठरण्याआधी ‘आडनाव काय?’ हे कशासाठी विचारता? खाली लिहा. मला खरंच ऐकायचंय.